बॅकअप रोज होतो. पण तो परत येतो का?

सुरतेहून गाठ आली की आपण काय करतो? बिल्टीवर बारा तागे लिहिले आहेत म्हणून बारा तागे आले असे कोणी मानत नाही. गाठ फोडतो, तागे मोजतो, एखादा उलगडून मीटर लावून पाहतो आणि मगच माल जमेला धरतो. समोरचा व्यापारी वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी मोजल्याशिवाय सही करीत नाही. मात्र ज्या कॉम्प्युटरात आपली सारी उधारी, देणी, माल आणि मजुरी साठवलेली आहे, त्याच्या बॅकअपची गाठ आपण कधीच फोडून पाहत नाही. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे ना, मग झाले!

मीही असेच मानत होतो. जुलै २०२२ मध्ये, बकरी ईदनंतरच्या आठवड्यात, माझा हा गैरसमज दूर झाला. त्यासाठी जी किंमत मोजावी लागली ती व्यापारी बांधवांना सांगावी, म्हणजे त्यांना तरी ती मोजावी लागणार नाही, म्हणून हा लेख.

आमच्या नांदेडच्या दुकानात चार कॉम्प्युटर आहेत. काउंटरवर दोन, मुनीमजींकडे एक आणि आतल्या खोलीत एक मुख्य, ज्यावर टॅलीचा डेटा असतो. मागच्या गोदामात बॅकअपची पेटी आहे. कॉम्प्युटरवाले तिला नॅस म्हणतात. नेटवर्कच्या वायरला जोडलेली, आत दोन हार्ड डिस्क असलेली ही पेटी २०२० साली बसवली. रोज ठरलेल्या वेळी मुख्य कॉम्प्युटरावरचा डेटा आपोआप पेटीत जावा अशी व्यवस्था होती. बसवणाऱ्याने एकदा चालवून दाखवले, आम्ही बिस्मिल्लाह म्हणून चहा पाजला आणि विषय संपला.

त्या दिवशी लाइट तीन-चार वेळा आली-गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली होती. मुख्य कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. ज्यांनी हा आवाज ऐकला आहे त्यांना अधिक सांगायला नको. हार्ड डिस्क गेली होती. मी बेफिकीर होतो. भाच्याला म्हटले, नवी डिस्क आण आणि पेटीतून डेटा काढून घे. तासाभराने तो गोदामातून बाहेर आला. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "मामू, डब्बे में तो मार्च तकच है."

झाले होते असे की, १ एप्रिलला मुनीमजींनी दरवर्षीप्रमाणे टॅलीत नव्या आर्थिक वर्षाची नवी कंपनी उघडली. टॅली प्रत्येक कंपनीला आकड्यांचे एक वेगळे फोल्डर देते, १०००१, १०००२ असे. जुनी वही १०००२ मध्ये होती, नवी १०००३ मध्ये सुरू झाली. बॅकअपच्या यंत्रणेला मात्र फक्त १०००२ माहीत होते. ती बिचारी इमानेइतबारे रोज तीच बंद झालेली वही पेटीत नेऊन ठेवीत होती. रोज "काम यशस्वी" असा संदेश येत होता. तो संदेश खोटाही नव्हता. तीन महिन्यांहून अधिक काळाचा हिसाब, त्यात २०२२ चा पूर्ण रमजान आणि उन्हाळ्यातली सगळी लग्नसराई, कुठेही दुसऱ्या जागी नव्हता. बिघडलेली डिस्क हैदराबादला डेटा काढून देणाऱ्याकडे पाठवली. आठ दिवसांनी त्याने ती परत केली. आतल्या चकत्यांवर ओरखडे पडले होते, काही निघाले नाही.

काय परत मिळाले आणि कोणाचे गेले

यानंतरचे दोन महिने आम्ही वही पुन्हा उभी करण्यात घालवले. त्यातून जे कळले ते मला हार्ड डिस्कपेक्षा महत्त्वाचे वाटते.

सुरत, भिवंडी, इचलकरंजीहून आलेल्या मालाची बिले जीएसटीच्या पोर्टलवर २बी मध्ये दिसत होती, कारण ती समोरच्या व्यापाऱ्याने भरलेली असतात. नोंदणीकृत दुकानदारांना आम्ही दिलेली बिले आमच्याच जीएसटीआर-१ मध्ये होती. बँकेचे व्यवहार बँकेकडून मिळाले, यूपीआयचेही मिळाले. म्हणजे मोठ्यांचे सगळे सापडले. मोठ्यांच्या हिसाबाच्या प्रती आणखी दहा ठिकाणी असतात.

सापडले नाही ते लहानांचे. खेड्यातून येणारा शेतकरी लग्नाच्या बस्त्यासाठी पाच हजार रुपये आगाऊ ठेवून गेलेला, त्याची नोंद पोर्टलवर नसते. किरकोळ विक्री तिथे एकरकमी दाखवलेली असते, माणसाच्या नावाने नाही. सर्वांत वाईट अवस्था झाली ती आमच्यासाठी घरी बसून परकर आणि बुरखे शिवणाऱ्या भगिनींच्या हिशेबाची. त्यांना नगावर मजुरी मिळते. शनिवारी काही रक्कम उचलतात, काही ईदसाठी जमा ठेवतात. ती जमा फक्त आमच्या टॅलीत होती. कच्च्या चिठ्ठ्या मुनीमजींनी बऱ्याच फाडून टाकल्या होत्या, कारण "कॉम्प्युटरमध्ये चढवले आहे".

शेवटी प्रत्येकीला बोलावले, ती जो आकडा सांगेल तो मान्य केला आणि देऊन टाकला. त्यांच्यापैकी कोणी जास्त सांगितले असे मला वाटत नाही. उलट एक वयस्कर बाई म्हणाल्या, "भाईजान, मेरे को याद नै, तुमे जो बोले सो सही." हे ऐकून मला जी शरम वाटली ती नुकसानीच्या आकड्याने वाटली नव्हती. तिचा हक्क माझ्याकडे अमानत होता आणि त्याची एकमेव नोंद मी एका टक्-टक् करणाऱ्या डब्यात ठेवली होती.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरामधील २८२ वी, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे हे आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकले आहे. लिहिणे आले, साक्षीदार आले, लहान रक्कमही लिहिण्याचा कंटाळा नको हेही आले. आता जे लिहिले ते वाचता येण्याजोगे उरलेच नाही, तर लिहिण्याची जबाबदारी पूर्ण झाली असे म्हणता येईल का? याचे उत्तर उलेमांनी द्यावे. मला माझ्यापुरते मिळाले आहे.

सरकारी कायद्याचे उत्तर तर स्पष्टच आहे. सीजीएसटी नियमावली २०१७ चा नियम ५७ सांगतो की, हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्याने त्याचा योग्य बॅकअप ठेवला पाहिजे आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने रेकॉर्ड नष्ट झाले तर वाजवी मुदतीत ते पुन्हा उभे करता आले पाहिजे. कलम ३६ प्रमाणे हे रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असते. नियमाचा कटाक्ष नीट पाहा. "बॅकअप घ्या" एवढ्यावर तो थांबत नाही, "पुन्हा उभे करता आले पाहिजे" असे म्हणतो.

हाफिज आणि सामे

आपल्या समाजाला हे खरे तर दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. कुरआनच्या जतनाची बरोबरी दुकानाच्या वहीशी करण्याचा गुन्हा माझ्या हातून न घडो, पण त्या जतनाची पद्धत डोळ्यांसमोर ठेवण्यात काही वावगे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) दर रमजानमध्ये जिब्रील (अलै.) यांच्यासमवेत कुरआनचा दौर करीत आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी तो दोनदा केला, असे हदीसमध्ये आहे. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा ह. अबू बक्र (रजि.) यांनी ह. जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे संकलनाचे काम सोपवले. नुसत्या पाठांतरावर किंवा नुसत्या लेखी पानावर न थांबता दोन्ही ताडून पाहिले गेले. पुढे ह. उस्मान (रजि.) यांनी प्रती करून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या.

आजही तरावीहमध्ये इमामाच्या मागे सामे उभा असतो. हाफिज कितीही पक्का असो, त्याच्या मागे ऐकणारा लागतो. अडखळला की तो लुकमा देतो. वर्षभर ज्याने दौर केला नाही त्याचे रमजानमध्ये काय होते हे आपण पाहतोच. "मी हाफिज आहे" असे म्हटल्याने हिफ्ज सिद्ध होत नाही, पढून दाखवावे लागते. बॅकअपची पेटी म्हणजे पढून न दाखवणारा हाफिज. तिच्यामागे सामे उभा करणे हेच आपले काम आहे.

गाठ कुठे अडकली?

डिस्क बदलली, यंत्रणा नव्याने लावली आणि दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला तपासायचे ठरवले. दुपारी दुकान बंद असते, तेव्हा वेळ मिळतो. पहिल्या वर्षात बारा तपासण्यांपैकी पाचांत काही ना काही दोष सापडला. मी तर थक्कच झालो. बांधवांच्या कामी यावेत म्हणून ते दोष सांगतो.

पहिला दोष अगदी बाळबोध होता. बॅकअपची वेळ रात्री साडेअकरा ठेवलेली. दुकान दहाला बंद होते आणि शटर ओढण्यापूर्वी नोकर मेन स्विच पाडतो. कॉम्प्युटरच बंद, मग बॅकअप कोण घेणार? जो काही होत होता तो मुनीमजी उशिरापर्यंत बसत त्या दिवशीचा. आता वेळ बदलून जोहरच्या नमाजची ठेवली. नमाजला उठताना सगळ्यांनी टॅली बंद करायची असा नियम केला, कारण टॅली उघडी असताना घेतलेली नक्कल अर्धवट होऊ शकते. काही फायली आधीच्या, काही नंतरच्या. अर्धी कीर्द आजची आणि अर्धी खतावणी कालची असा प्रकार.

दुसरा दोष पत्त्याचा. इंटरनेटवाल्याने राऊटर बदलून दिला आणि नव्या राऊटरने पेटीला नवा नंबर दिला. बॅकअप जुन्याच नंबरावर दार ठोठावीत राहिला. राऊटरमध्ये पेटीचा नंबर कायम करून ठेवता येतो, तो करून घ्यावा.

तिसरा दोष शोधायला दोन दिवस गेले. हाताने चालवले की बॅकअप होई, आपोआप चालायची वेळ आली की होत नसे. आमच्या कॉम्प्युटरवर पेटी "झेड" ड्राइव्ह म्हणून दिसे. हे "झेड" अक्षर कॉम्प्युटरचे नसून त्यावर लॉगिन केलेल्या माणसाचे असते. यंत्रणा आपोआप चालते तेव्हा तिला "झेड" दिसेलच असे नाही. अक्षराऐवजी पेटीचे पूर्ण नाव आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला आणि काम झाले. त्याच सुमारास कळले की, विंडोजचा पासवर्ड बदलला तर वेळापत्रकात साठवलेला जुना पासवर्ड आपोआप बदलत नाही. काम त्या दिवसापासून थांबते आणि कोणी बोंब मारीत नाही.

चौथा दोष मला सर्वांत आवडला, कारण तो कोणाच्याच मनात आला नव्हता. एका कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. लाइट गेली की त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाई. बॅकअपची यंत्रणा फक्त "नव्या" फायली उचलते. तिने पाहिले, पेटीतली फाइल तर याहून नवी आहे, मग कशाला उचला? दुकानात मिळणाऱ्या साध्या बॅटरीसाठी आठ दिवसांची नोंद हुकली.

पाचवा म्हणजे पेटी भरली. जुन्या प्रती काढून टाकण्याची मुदतच लावली नव्हती.

दोष शोधण्याची रीत मात्र एकच आहे आणि ती आपल्याला ठाऊक आहे. गाठ पोचली नाही तर आपण थेट सुरतेच्या व्यापाऱ्याशी भांडत नाही. आधी इथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात विचारतो, मग मधल्या डेपोत, मग माल चढवला तिथे. नेटवर्कवरही जवळून दूर जायचे. पेटीचा दिवा लागला आहे का? वायर घट्ट आहे का? कॉम्प्युटरवरून पेटीला "पिंग" करावे, म्हणजे हाक मारावी. नंबराने हाक मारली तर ओ देते आणि नावाने मारली तर देत नाही, असे असेल तर पेटी ठीक आहे, नावांच्या यादीत घोळ आहे. हाकेला ओ मिळाली की फोल्डर उघडून पाहावे. उघडले तर एक छोटी फाइल तिथे ठेवून पाहावी, कारण वाचण्याची परवानगी वेगळी आणि लिहिण्याची वेगळी. एवढे सगळे ठीक असेल तरच मूळ यंत्रणेचे रोजनामचे उघडावे.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. पडद्यावर इंग्रजी वाक्य आले की पूर्वी मी घाईने बंद करीत असे, जणू मागणेकरी दारात आला आहे. आता ते उतरवून घेतो. तीन वाक्ये ओळखली तरी पुष्कळ काम होते. "नेटवर्क पाथ नॉट फाउंड" म्हणजे रस्ताच सापडला नाही; वायर, राऊटर, नाव-नंबर पाहा. "ॲक्सेस डिनाइड" म्हणजे दारापर्यंत पोचलो पण आत घेत नाहीत; पासवर्ड आणि परवानगी पाहा. "नॉट इनफ स्पेस" म्हणजे आत आलो पण जागा नाही. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधे. तिन्हींवर "कॉम्प्युटर बंद करून चालू करा" हे एकच औषध देणारे हकीम आपल्याकडे पुष्कळ आहेत.

संदेश येत नाही म्हणून सगळे ठीक आहे असेही समजू नये. गिटलॅब नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य डेटा पुसला गेला. त्यांच्याकडे पाच प्रकारच्या व्यवस्था होत्या. पाहिले तर नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ई-मेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत निघाली, त्यावर निभावले. जाणकारांच्या कंपनीची ही कथा, तर आपण काय!

लातूरची प्रत

दुकानातली पेटी डिस्क बिघडण्यापासून वाचवते. आग, पूर आणि चोरीपासून वाचवीत नाही, कारण ती त्याच छताखाली असते. लातूरला गंजगोलाईजवळ माझ्या धाकट्या भावाचे दुकान आहे. आम्ही अदलाबदल केली. आमची एक प्रत त्याच्या पेटीत, त्याची आमच्याकडे. नांदेड गोदावरीच्या काठावर, लातूर मांजरा खोऱ्यात, मध्ये लोहा-अहमदपूरचा रस्ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली. त्या दुःखापुढे वह्यांची गोष्ट काढू नये. पण मागे राहिलेल्यांना देण्या-घेण्याचे कागदही उरले नव्हते, हे त्या भागातल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. दोन गावांत प्रत ठेवण्याचा विचार मला तेव्हाच्या आठवणीतूनच सुचला.

पहिली पूर्ण प्रत इंटरनेटने पाठवण्याच्या फंदात पडू नये. आमचा जुना-नवा मिळून डेटा, बिलांच्या फोटोंसह, बराच मोठा होता. सेकंदाला १० मेगाबिट वर चढवणाऱ्या लाइनीवर १ जीबीला सर्व काही सुरळीत असले तर साधारण चौदा मिनिटे लागतात, आणि सर्व काही सुरळीत कधी नसते. भाचा डिस्क पिशवीत घालून एस.टी.ने लातूरला गेला आणि तिथल्या पेटीत उतरवून आला. त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग जातो.

अमानत म्हणून ठेवलेली प्रतही कुलूपबंद हवी. भावावर अविश्वास नाही, पण त्याच्याकडे येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने आमच्या गिऱ्हाइकांची उधारी का वाचावी? कुलूप लावले की किल्लीची जबाबदारी येते. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर डेटा उघडण्याचा दुसरा मार्ग नाही. मालकाला अचानक बोलावणे आले तर वारसांनी काय करावे? वारसाहक्काची वाटणी कर्ज फेडल्यानंतरच होते, आणि कर्ज किती हे त्या कुलपात. मी पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून वसीयतच्या कागदांत ठेवला आहे आणि तपासणीच्या वेळी वर्षातून एकदा त्याच कागदावरून डेटा उघडून पाहतो.

एक कबुली द्यायला हवी. नांदेड आणि लातूरवर एकाच वेळी संकट येणार नाही असे मी समजत होतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने दोन्ही जिल्ह्यांना एकत्रच झोडपले. दुकाने वाचली, अल्हम्दुलिल्लाह, पण माझा हिशेब चुकीचा होता. त्यानंतर एक प्रत इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत, म्हणजे क्लाउडमध्येही ठेवू लागलो. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. छायाचित्रकाराने सांगितलेला हा नियम आज बँकाही पाळतात.

वायरीतून येणारा चोर

जून २०१७ मध्ये मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते हे निर्यात करणाऱ्या बांधवांना आठवत असेल. ते टर्मिनल मर्स्क या जगातील बलाढ्य जहाज कंपनीच्या समूहाचे. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस नेटवर्कमधून पसरला आणि कंपनीचे हजारो कॉम्प्युटर निकामी झाले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहे, असे गृहीत धरलेले. सगळे एकदमच गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतील घाना देशात. का वाचला? त्या वेळी तिथली लाइट गेली होती म्हणून! ती डिस्क मग माणसाच्या हातून विमानाने इंग्लंडला न्यावी लागली.

मराठवाड्यात राहून लोडशेडिंगला दुवा देण्याचा प्रसंग येईल असे वाटले नव्हते. पण बोध उघड आहे. जी प्रत कायम जोडलेली असते तिच्यापर्यंत चोरही पोचतो. पेटीतल्या दोन डिस्क एकमेकींच्या आरसा असतात. एकीवर पुसले की दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. ड्राइव्हवर आपोआप जुळणारे फोल्डर असेल तर बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने जुळते. म्हणून एक डिस्क अशी हवी की, जी आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची आणि काढून कपाटात ठेवायची. आमची शनिवारी रात्री जोडली जाते, मजुरी वाटून झाल्यावर.

तपासायचे कसे

सर्वांत आधी एक इशारा. परत आणून पाहताना चालू डेटावर आणू नका. टॅलीत रिस्टोअर करताना तोच रस्ता दिला तर आजची वही पुसून जुनी बसते. शक्यतो वेगळा कॉम्प्युटर घ्यावा, निदान वेगळे फोल्डर तरी. माझ्या माहितीत तपासणी करतानाच डेटा घालवलेले व्यापारी आहेत.

डेटा उघडला म्हणजे तपासणी झाली असे नाही. आमचाही उघडला होता, मार्चपर्यंतचा. आदल्या दिवशी संध्याकाळी मुनीमजी एका चिठ्ठीवर काही आकडे लिहून ठेवतात: शेवटच्या व्हाउचरचा नंबर, रोख शिल्लक, येण्याची एकूण रक्कम, एका मालाचे शिल्लक नग, आणि कोणत्याही तीन लहान खातेदारांची बाकी. दर महिन्याला नावे बदलतात. परत आणलेल्या डेटातले आकडे या चिठ्ठीशी ताडायचे. तारतम्याने एक गोष्ट आणखी पाहतो, प्रतीचा आकार. धंदा चालू आहे आणि बॅकअपचा आकार महिनाभर तसूभरही वाढला नाही, तर काहीतरी चुकते आहे. आमचा आकार एप्रिल ते जुलै एक बाइटही हलला नव्हता आणि तो आकडा रोज पडद्यावर दिसत होता!

ज्याने यंत्रणा बसवली त्यानेच ती तपासू नये. इमामच स्वतःचा सामे होत नाही. आमच्याकडे भाचा बसवतो आणि मुनीमजी तपासतात. त्यांच्यासाठी एका कागदावर मराठीत आणि उर्दूत पायऱ्या लिहिल्या आहेत. ते जिथे अडतात तिथे कागद सुधारायचा, मुनीमजींना बोलायचे नाही. किती वेळ लागला तोही लिहायचा. पहिल्यांदा पूर्ण दुपार गेली होती.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, टेलर आहेत, रंगारी आहेत, गादी भरणारे पिंजारी बांधव आहेत, त्यांनी हा लेख दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नये. तुमची वही एकच असते आणि ती गल्ल्याजवळच असते. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढा आणि तो दुसऱ्या घरात राहणाऱ्या माणसाच्या फोनवर पाठवा. नुसता आपल्याच फोनमध्ये ठेवलात तर फोन हरवला की वहीची नक्कलही हरवली. महिन्यातून एकदा त्या माणसाला म्हणा, अमुक तारखेचे पान काढून वाचून दाखव. आकडे वाचता आले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, पेन्सिलीने लिहिलेले पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनाने लिहा.

गेल्या महिन्याच्या तपासणीत मुनीमजींनी लातूरच्या प्रतीवरून पूर्ण वही बेचाळीस मिनिटांत उभी केली. व्हाउचर नंबर जुळला, रोख जुळली, माल जुळला. तीन लहान खात्यांपैकी एक जुळेना. परकर शिवणाऱ्या एका भगिनीच्या नावावर चिठ्ठीत ३४० रुपये अधिक होते. बॅकअपमध्ये दोष शोधत अर्धा तास गेला. मग भाच्याने चालू टॅली उघडून पाहिली, तिथेही ती नोंद नव्हती. वीस परकर आले होते, चिठ्ठी झाली होती, चढवायचेच राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी ते ३४० रुपये तिच्या घरी पोचते केले. लातूरच्या पेटीचा पंखा मात्र आवाज करू लागला आहे असे भावाचे म्हणणे आहे. तो या आठवड्यात बदलायचा आहे.